ऋतू पाहून काढलेली सहल आणि तारीख पाहून काढलेली सहल

गेल्या वर्षभरात सोलापुरातून निघणाऱ्या एका सहल-सेवेबरोबर मी चार वेळा बाहेर पडले. ऑगस्टमध्ये नळदुर्ग, जानेवारीत मंगळवेढ्याचा हुरडा, फेब्रुवारीत नान्नजचे माळरान आणि द्राक्षबाग, आणि मार्चअखेरीस उजनी धरणाचा फुगवटा अशा त्या चार एकदिवसीय सहली होत्या. प्रत्येक वेळी माझे वडील बरोबर होते. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचे निम्मे आयुष्य मंगळवेढ्याच्या काळ्या रानात कोरडवाहू ज्वारी करण्यात गेले असल्यामुळे शेताच्या नावाखाली काय दाखवले जाते आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. चारपैकी तीन सहली मला मनापासून आवडल्या आणि एक वाया गेली. तीनही चांगल्या सहली त्या त्या रानाचा हंगाम पाहून ठरवलेल्या होत्या, तर वाया गेलेली नळदुर्गची सहल सुट्टीची तारीख पाहून ठरवलेली होती.

हुरड्याची सहल सर्वांत उत्तम झाली, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी पेरली जाते आणि पुढे ते पीक बहुतेक त्याच ओलीवर आणि थंडीवर वाढते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे याच जमिनीची ताकद आहे. मालदांडी 35-1 हे राज्यभर पेरले जाणारे वाणही जवळच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेले आहे. कणसातला दाणा दुधातून पुढे सरकला, पण अजून हिरवा आणि मऊ आहे, अशी अवस्था एका रानात थोडेच दिवस टिकते. आयोजकांनी ज्या शेतकऱ्याशी बोलणी केली होती, त्यांनी हुरड्याच्या ज्वारीची पेरणी मागेपुढे करून तीन तुकड्यांत केली होती, त्यामुळे आम्ही गेलो त्या रविवारी मधला तुकडा नेमका हुरड्यात आलेला होता. अण्णांनी गाडीतून उतरताच एका कणसातला दाणा नखाने दाबून पाहिला आणि काही न बोलता मान डोलावली. माझ्या दृष्टीने या सहलीला मिळालेली ती सर्वांत मोठी पावती होती.

जमिनीत खणलेल्या आगटीत गोवऱ्यांचा विस्तव होता. त्यात कणसे खुपसून, फिरवून भाजायची, गरम असतानाच तळहातांवर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा, हे काम शेतकऱ्याच्या घरातील मंडळी स्वतः करत होती आणि ज्याला शिकायचे असेल त्याला शेजारी बसवून घेत होती. माझ्या मुलाचे हात पोळले, तरी तो उठला नाही. सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही, बोरे आणि ऊस होता. दुपारी कडक भाकरी, पिठले, ठेचा आणि हरभऱ्याची भाजी असे जेवण मिळाले. हुरडा गुळभेंडी या वाणाचा होता. मालदांडीचा हुरडा का नाही, असे एका पाहुण्याने विचारले, तेव्हा त्या शेतकऱ्यांनी मालदांडी भाकरीसाठी राखायची आणि हुरड्याला मऊ, गोड वाण लावायचे, हा हिशेब नीट समजावून सांगितला. अलीकडे शहराजवळ हुरड्याच्या नावाने जी ठिकाणे निघाली आहेत, तिथे मोठ्या आवाजातील गाणी असतात, झोके असतात आणि कणसे दुसरीकडून पोत्यांत भरून आणलेली असतात. इथे आम्ही ज्वारीच्या ज्या उभ्या ताटांच्या कडेला बसून खाल्ले, त्याच ताटांवरची कणसे आमच्या समोर खुडली गेली. हा फरक तोंडात घास गेल्यावरच कळतो.

एक उणीव मात्र स्पष्टपणे नोंदवते. तीस माणसांसाठी त्या वस्तीवर एकच स्वच्छतागृह होते आणि त्यासमोर बायकांची रांग लागली. माणशी 1,100 रुपये घेतल्यावर एवढी सोय आयोजकांनी करायलाच हवी होती. मी ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली, पण पुढच्या सहलीतही फारसा बदल दिसला नाही.

नान्नजच्या सहलीचे कौतुक दुसऱ्याच कारणासाठी करावेसे वाटते. सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे वीस किलोमीटरवर असलेले हे अभयारण्य 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी राखले गेले, आणि आज तिथे माळढोक दिसण्याची आशा जवळजवळ उरलेली नाही. आयोजकांनी पैसे घेण्यापूर्वीच हे स्पष्ट सांगितले होते. माळढोकाची मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. पक्षी वजनाने जड असतो आणि उडताना समोरच्या विजेच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत. ही कारणे वाटाड्याने माळावर उभे राहूनच सांगितली, आणि दूरवर तारांचे खांब दिसत असताना ती ऐकणे जड गेले. त्या सकाळी आम्हाला काळविटांचे दोन मोठे कळप दिसले, गवतावरून अगदी खालून उडणारे भोवत्या पक्षी दिसले आणि धावपट्टीसारख्या मोकळ्या माळावर क्षणभर थांबून आमच्याकडे वळून पाहणारा एक लांडगा दिसला. थंडीत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी इथे मुख्यतः नाकतोडे खातो आणि रात्री गवतातच जमिनीवर बसतो, हे मला नवीन होते.

परतताना अभयारण्यालगतच्या एका शेतकऱ्यांना आयोजकांनी मुद्दाम बोलते केले. काळविटे ज्वारीची कोवळी ताटे कशी खातात, रात्रीची राखण किती करावी लागते आणि अभयारण्याच्या हद्दीमुळे जमिनीच्या व्यवहारांवर किती वर्षे बंधने राहिली, हे त्यांनी सांगितले. 2012 च्या सुमारास हद्द कमी होईपर्यंत हे अभयारण्य कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होते आणि त्यात माणसांची गावेच्या गावे येत होती. पक्षी वाचावा असे मला तीव्रतेने वाटते, तरीही त्या शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय नान्नज पाहिले असे म्हणता येणार नाही. ही बाजू दाखवण्याचे धैर्य सहल काढणाऱ्यांनी दाखवले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्याच दिवशी दुपारी द्राक्षबाग होती. सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणे याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या निवडीतून पुढे आली, हे सोलापूरच्या मुलांना शाळेत सांगायला हवे. ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून घड काढणीला येईपर्यंतचा चार-साडेचार महिन्यांचा क्रम बागायतदारांनी थोडक्यात सांगितला. मण्यांवरचा पांढुरका थर पुसला तर घडाचा भाव उतरतो, म्हणून कोणत्याही घडाला हात लावू नये, ही त्यांची अट सर्वांनी पाळली. ताजी द्राक्षे तोलून विकत घेण्याची सोय होती आणि दर बाजारापेक्षा जास्त नव्हता.

उजनीसाठी पहाटे चारला निघावे लागते, कारण भिगवणची बाजू सोलापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि ऊन चढल्यावर नावेत बसवत नाही. वयस्कर माणसांनी याचा विचार करून नाव नोंदवावे. अण्णा परतीच्या वाटेवर फार थकले. पण चिखलाच्या पट्ट्यांवर चोच उलटी धरून चरणारे शेकडो रोहित पक्षी पाहिल्यावर त्यांनी जे सांगितले, ते मला आयोजकांच्या माहितीपेक्षा मोलाचे वाटते. उन्हाळ्याकडे पाणी कालव्यांतून आणि नदीतून खाली सोडले जाते, सोलापूरच्या नळांनाही त्यातूनच येते, आणि पाणी असे ओसरले म्हणूनच हा चिखल उघडा पडून पाखरांना खाणे मिळते. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात ज्यांची घरे गेली, त्यांच्याविषयीही ते बोलले. पाणी उतरल्यामुळे पळसदेवच्या जुन्या मंदिराचा बराच भाग तेव्हा वर आलेला होता. आमच्या नावाड्याने थव्यापासून बऱ्याच अंतरावर यंत्र बंद केले. शेजारची एक नाव छायाचित्रासाठी पाखरे उडवायला थेट थव्यात घुसली, तेव्हा त्याने तिला हाक मारून अडवले. नावाडी निवडताना आयोजकांनी काळजी घेतली आहे, हे यातून दिसले.

नळदुर्गचे असे म्हणता येत नाही. बोरी नदीचे पाणी किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून ओसंडले, तरच त्या बंधाऱ्यातच बांधलेल्या पाणीमहालावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, आणि आपल्या पर्जन्यछायेच्या भागात खरा पाऊस अनेकदा सप्टेंबरातच पडतो. तरीही स्वातंत्र्यदिनाला जोडून आलेल्या सुट्टीत धबधब्याचे चित्र छापून ही सहल विकली गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा बंधाऱ्याच्या भिंतीवर पाण्याचा एक ओघळही नव्हता. किल्ला भव्य आहे आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आदिलशाहीत बांधलेला पाणीमहाल कोरडाही पाहण्यासारखा आहे, परंतु लोक धबधब्यासाठी आले होते आणि लहान मुले रडकुंडीला आली होती. पैसे परत मागितल्यावर पुढच्या सहलीत सवलत देऊ, एवढेच उत्तर मिळाले.

आता आयोजकांनी नळदुर्गसाठी आगाऊ तारीख देणे बंद केले आहे. केवळ नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहून घेतात आणि पाणी ओसंडू लागले की सहलीच्या दोन दिवस आधी कळवतात. अण्णांनी आमची तीन नावे त्या यादीत लिहून दिली आहेत. हुरड्याच्या जागा मात्र मार्गशीर्षातच भरतात, तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी दिवाळीनंतर लगेच विचारणा करावी, आणि स्वच्छतागृहाची चौकशी न विसरता करावी.