गहू वर्ज्य असेल तर मुंबईत जेवायचं कुठे: उडपी, मालवणी की उपासाचे पदार्थ?

सीलिअ‍ॅकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याच्या आजाराचं, निदान झालं की घरचं स्वयंपाकघर महिन्या-दोन महिन्यांत मार्गी लागतं. पोळपाट नवा येतो, कणकेचा डबा वेगळ्या फळीवर जातो, ज्वारी-तांदूळ घरघंटीवर दळले जातात. घोडं अडतं ते बाहेर: लग्नाची खरेदी, हॉस्पिटलची फेरी, दादरला गाडी बदलताना लागलेली भूक. मुंबईत गव्हाशिवायचे पदार्थ ढिगाने मिळतात. पण पदार्थात गहू नसणं वेगळं आणि ताटात गहू न येणं वेगळं. म्हणून इथे मेन्यूकार्डांपेक्षा भटारखान्यांची तुलना केली आहे. तवा किती जणांचा, कढईतल्या तेलात आधी काय तळलं, पीठ कुठे मळतात, यावरच निवड ठरते.

आधी माप लक्षात घ्या. सीलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन बाधत नाही असं धरतात. रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, पोट दुखो अथवा न दुखो. गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण ८ ते १० टक्के ग्लुटेन असतं. म्हणजे १० मिलिग्रॅमला ०.१ ग्रॅम पीठ पुरतं, पोळी लाटताना चिमटीत येणाऱ्या पिठीहूनही कमी. तापवून किंवा तळून ग्लुटेन जात नाही. उकळत्या तेलात सगळं शुद्ध होतं हा समज जंतूंपुरता ठीक आहे, इथे तो घात करतो.

ज्यांना गहू नुसता जड जातो, त्यांनी खालचे नियम सैल करून वाचावेत. आणि तपासणी अजून व्हायची असेल, तर ती होईपर्यंत गहू बंद करू नका. गहू सुटल्यावर केलेली टीटीजी ही रक्ततपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

उडपी हॉटेल

पहिली पसंती सगळे उडप्याला देतात. ती बरोबर आहे, पण फक्त इडलीपुरती. इडली तांदूळ आणि उडदाची, वाफेवर, स्वतःच्या साच्यात होते. तिचा तव्याशी किंवा कढईशी संबंध येत नाही. इथे एका शब्दाने घोटाळा होतो. ‘इडलीत रवा आहे का?’ असं विचारलं तर मास्टर ‘हो’ म्हणेल, कारण अनेक ठिकाणी पिठाला इडली रवा वापरतात. तो उकड्या तांदळाचा असतो आणि चालतो. गव्हाचा रवा असतो तो ‘रवा इडली’त. त्यामुळे प्रश्न असा करा: ‘गव्हाचा रवा आहे का?’

डोशाचं प्रकरण वेगळं. साध्या डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी थोडा रवा किंवा मैदा घालणारे मास्टर आहेत. तो घातला नसला तरी तवा उरतोच. रवा डोशात रवा, मैदा आणि तांदळाचं पीठ असतं आणि ते पातळ पीठ वरून फेकून पसरवतात, त्यामुळे शिंतोडे तवाभर उडतात. मग पाणी मारून हिराच्या झाडूने तवा पुसतात. झाडू तोच, आधीच्या डोशाचा चुरा घेऊन पुढच्या डोशाखाली फिरणारा. गर्दीच्या वेळी पावही त्याच तव्यावर भाजले जातात. डोसा खायचाच असेल तर हॉटेल उघडल्या उघडल्या जा. पहिल्या घाण्याला तवा धुतलेला असतो. संध्याकाळी ७ नंतरचा डोसा सोडून द्या.

मेदुवडा उडदाचाच, पण त्याच कढईत पुरी, समोसा आणि मैद्याचा मंगळूर बोंडाही पडतो. उपमा आणि शिरा म्हणजे थेट रवा. ही दोन नावं डोळ्यांसमोर असूनही नाश्त्याच्या घाईत निसटतात.

सांबाराची अडचण हिंगाची. डबीतला हिंग शुद्ध नसतो, त्यात डिंक आणि पीठ मिसळलेलं असतं, आणि हे पीठ बहुधा गव्हाचं. हिशेब करून बघू. २० लिटर सांबारात १० ग्रॅम हिंग पडला आणि त्यातलं निम्मं गव्हाचं पीठ धरलं, तर ५ ग्रॅम पिठातून ४०० ते ५०० मिलिग्रॅम ग्लुटेन सांबारात उतरलं. १५० मिलिलिटरच्या वाटीत ते ३ ते ४ मिलिग्रॅम होतं. एक वाटी एकवेळ निभावेल, पण उडप्याकडे वाटी रिकामी राहू देत नाहीत. तिसऱ्या वाटीला दिवसाचा कोटा संपतो. इडलीबरोबर नारळाची चटणी घ्या, तीही फोडणी न घातलेली. घरून पुडीत दाण्याची किंवा जवसाची चटणी नेली तर सांबाराची आठवण येत नाही.

दुपारी माटुंग्याकडे असाल तर भाताचं जेवण इडलीपेक्षा पोटभरीचं. १९४२ साली सुरू झालेल्या रामा नायकांच्या बोर्डिंगसारख्या ठिकाणी केळीच्या पानावर वाढतात. पान कोरं असतं, ताटासारखं आधीच्या जेवणाऱ्याचं काही त्याला चिकटलेलं नसतं. बसतानाच ‘चपाती-पुरी वाढू नका’ म्हणा. एकदा पुरी भातावर टेकली की ती उचलून काही उपयोग नाही. सार आणि रसम यांना सांबाराचाच हिंगाचा हिशेब लागू.

मालवणी खाणावळ

मासे खाणाऱ्यांसाठी आमच्या मते ही उडप्याहून उजवी आहे, फक्त तळलेलं काही मागवायचं नाही. मालवणी कालवणाला दाटपणा येतो तो वाटणातून: ओला नारळ, धणे, मिरची. पीठ लावायची रीतच नाही. सुरमईची करी, तिसऱ्यांचं सुकं, कोंबडीचा रस्सा ही सगळी वेगवेगळ्या पातेल्यांत शिजतात. सोबत भात आणि कोकम-नारळाची सोलकढी घेतली की जेवण पुरं होतं, आणि इडली-चटणीच्या मानाने प्रथिनंही भरपूर मिळतात.

गडबड होते ती चार जागी. पहिली, रव्याची. बोंबील असो, सुरमई असो, मुंबईत ‘फ्राय’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी रव्यात घोळवतात. ‘तांदळाच्या पिठात करून द्या’ म्हटलं तर आनंदाने देतात, पण त्याच तव्यावर, आधीच्या तुकडीचा सुटलेला रवा तेलात तरंगत असताना. वेगळ्या छोट्या पॅनमध्ये, नुसता मसाला लावून करून मिळत असेल तरच घ्या. दुसरी, वडे. कोंबडी-वड्याच्या पिठात तांदूळ, उडीद, चणाडाळीबरोबर गहूही असतो. वडे तांदळाचेच, असं ठामपणे सांगणारा वेटर खोटं बोलत नसतो, त्याला पिठातलं सगळं ठाऊक नसतं. तिसरी, भाकरी. तांदळाची भाकरी कागदावर निर्धोक. पण चपात्या आणि भाकऱ्या करणारे हात, परात आणि तवा एकच असतील तर लाटायची पिठी तिथेही पोचते. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत, ती मोडू नये म्हणून, मूठभर कणीक घालणारेही असतात. भाकऱ्यांसाठी वेगळी बाई आणि वेगळी चूल दिसली तर खा, नाहीतर भातच बरा. चौथी, ताट. ‘थाळी’ मागवली की कालवणाच्या वाटीला खेटून चपाती येते. त्यापेक्षा सुटे पदार्थ मागवा. थोडं महाग पडतं, पण ताट आपल्या ताब्यात राहतं.

घावन आणि आंबोळी मिळाली तर त्यांनाही तव्याचाच प्रश्न विचारा. थालीपिठाचा विचार सोडा, भाजणीत बहुधा गहू असतोच.

वेळ दुपारी १२ची गाठा. एकच्या गर्दीत कोणी वेगळा पॅन काढत नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

उपासाचे पदार्थ

हा पर्याय लोक विसरतात, आणि सीलिअ‍ॅकसाठी मुंबईतला सगळ्यात भरवशाचा पर्याय तोच. उपासाला गहू चालत नाही. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, दाणे, सगळं ग्लुटेनविरहित. शिवाय मराठी घरांतल्या रितीने उपासाच्या फोडणीत तूप, जिरं आणि हिरवी मिरची एवढंच पडतं, त्यामुळे हिंगाचा प्रश्नही सुटतो.

याहून मोठा फायदा भाषेचा. ‘ग्लुटेन’ म्हटलं की वेटर मान डोलावतो आणि काहीही आणतो. ‘उपासाचं तेल वेगळं आहे का?’ हा प्रश्न मात्र मुंबईच्या मराठी हॉटेलात रोज विचारला जातो आणि त्याचं खरं उत्तर मिळतं, कारण उपास मोडण्याचं गांभीर्य सगळ्यांना कळतं. तेल वेगळं असेल तर साबुदाणा वडा निर्धास्त घ्या. वेगळं नसेल तर खिचडी घ्या, ती कढईत तुपावर परतली जाते. साबुदाणा वडा आणि पियूष यांसाठी दादरचं प्रकाश प्रसिद्ध आहे, गिरगाव-दादर पट्ट्यातल्या बहुतेक मराठी उपाहारगृहांत खिचडी असतेच. तेलाचा प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक खेपेला विचारा. एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्रात उपासाची कढई वेगळी ठेवण्याची शक्यता जास्त असते. एरवीच्या मंगळवारी तोच वडा बटाटावड्याच्या आणि समोशाच्या तेलात पडू शकतो.

‘जैन’ हा शब्दही मुंबईत लगेच कळतो, पण तो आपल्या कामाचा नाही. जैन पदार्थात कांदा, लसूण, बटाटा नसतो, मैदा मात्र असतो.

उणीव एकच, पण मोठी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. मधुमेह असेल तर खिचडीची बशी रक्तातली साखर झपाट्याने चढवते. सीलिअ‍ॅक आणि टाइप १ मधुमेह एकत्र असणाऱ्यांची संख्या थोडी नाही. त्यांनी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मागावी, किंवा सरळ मालवणीकडे वळावं.

बाकीचे, थोडक्यात

चायनीज टाळाच. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहूही असतो, म्हणजे नुसता फ्राइड राइसही गेला. मंचुरियनमध्ये मैदा, कढईत आधीचे नूडल्स.

मोगलाई हॉटेलात तंदूरच्या भिंतीला नान चिकटतात आणि त्याच भट्टीत कबाब लोंबतात. हलीममध्ये गहू असतो, निहारी कणकेने दाट करतात. बिर्याणी त्यातल्या त्यात बरी वाटते, पण दमाच्या हंडीचं झाकण कणकेने बंद करत असतील तर कडेचा भात नको, मधला मागा.

पारशी जेवणाकडे फारसं कुणी या नजरेने बघत नाही. केळीच्या पानातली पात्रानी मच्छी म्हणजे मासा आणि नारळाची हिरवी चटणी, वाफवलेली. बेलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा बेरी पुलाव हा भाताचाच पदार्थ. पाव दूर ठेवायला सांगा आणि कटलेट सोडा.

गुजराती थाळीत पदार्थ पुष्कळ चालण्यासारखे, वाढण्याची पद्धत मात्र घातक: फुलका, पुरी, ढोकळा, फरसाण एकाच फेरीत, तेच हात. खमणमध्ये रवा असू शकतो, उंधियूतल्या मुठियात कणीक असते.

भेळवाल्याकडे ‘पुरी नको, नुसते कुरमुरे’ म्हणून भागत नाही. पातेलं, डाव आणि हात पुरीच्या चुऱ्याने माखलेले असतात. पाणीपुरीची पुरी रव्याची, शेवपुरीची मैद्याची. चौपाटीवर उकडलेलं किंवा भाजलेलं कणीस आणि शहाळं.

मोठ्या साखळी हॉटेलांचा एक फायदा कायद्याने मिळतो. दहा किंवा अधिक शाखा असतील तर मेन्यूवर अ‍ॅलर्जीचे घटक देणं एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने बंधनकारक आहे, आणि त्यात ग्लुटेन असलेली धान्यं येतात. ही माहिती पाककृतीची असते, तव्याची नव्हे. घरपोच ऑर्डरच्या सूचनांच्या रकान्यावर विसंबू नका, तो मास्टरपर्यंत पोचेलच असं नाही.

काय सांगायचं आणि कुणाला

एक चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत छापून पाकिटात ठेवा. मजकूर एवढाच: ‘मला गव्हाने आजार होतो. गहू, मैदा, रवा, ब्रेड, सोया सॉस आणि डबीतला हिंग चालत नाही. त्याच तव्यावर, त्याच तेलात, त्याच डावाने केलेलंही चालत नाही. भात, तांदळाचं पीठ, डाळी, नारळ, दही, मासे चालतात.’ शेवटचं वाक्य गाळू नका. काय चालतं हे कळलं की आत काहीतरी सुचतं, नुसती बंदी वाचली की ‘साहेब, काहीच नाही’ असं उत्तर येतं.

चिठ्ठी वेटरकडे देऊन थांबू नका, गल्ल्यावरच्या शेटला सांगून ती आत मास्टरपर्यंत पोचवा. दुपारी चारच्या आसपास पाळी बदलते आणि सकाळी सगळं समजून घेतलेला माणूस संध्याकाळी तिथे नसतो, म्हणून ओळखीच्या हॉटेलातही चिठ्ठी दर वेळी काढा. ‘थोडंसं चालतं ना?’ असं विचारलं तर ‘चिमूटभरही नाही’ एवढंच उत्तर द्या. आणि मास्टरने आतून ‘तवा एकच आहे’ असा निरोप पाठवला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा आणि इडली मागवा.