एनडब्ल्यूओचा काळा टी-शर्ट: कापड बरं, छपाई फसलेली

इचलकरंजीत माझं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट आहे. मंडळांचे, कबड्डी संघांचे, कॉलेजच्या गॅदरिंगचे टी-शर्ट छापतो. त्यामुळे दुसऱ्याने छापलेला टी-शर्ट हातात आला की आधी तो उलटा करून शिवण बघायची खोड आहे. हा एनडब्ल्यूओचा, म्हणजे 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' या अमेरिकन टीव्ही-कुस्तीतल्या खलनायकांच्या टोळीचा. ऑनलाइन मागवला, पाठवणीसकट आठशेच्या आसपास पडला. दुकानाचं नाव लिहीत नाही. असलाच माल विकणारी पन्नास दुकानं आहेत.

कापड चांगलं आहे. १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम) लिहिलंय आणि हाताला तेवढं भरतं. सिंगल जर्सी, बायोवॉश केलेलं, गळ्याची रिब जाड, खांद्यावर आतून पट्टी मारलेली. गळा लोंबणार नाही. पहिल्या धुण्यात पाणी थोडं काळं झालं, तेवढं कुठलंही काळं कापड सोडतं. माप मात्र लहान येतं. एक्सेल घालणाऱ्याने डबल एक्सेलच मागवावा, पोट असेल तर नक्कीच.

तक्रार आहे ती छपाईची. मूळ चिन्हात मध्ये मोठा 'डब्ल्यू', दोन्ही बाजूंना छोटे 'एन' आणि 'ओ', आणि अक्षरं अशी खरवडलेली की घाईघाईत भिंतीवर स्प्रे मारलाय असं वाटावं. इथे नेटवरचा कुठलातरी बारका फोटो मोठा करून डीटीएफ (फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवायची छपाई) मारलंय. खरवडलेल्या जागा बुजल्यात, कडा मऊ झाल्यात, हात फिरवला की प्लास्टिकचा पापुद्रा लागतो. अहो, हे एका फ्रेमचं काम! पांढरी प्लास्टिसॉल शाई, दोन हात, मध्ये फ्लॅशने सुकवायचं, १६० डिग्रीला पक्की करायची, संपलं. एवढं सोपं चिन्ह बिघडवायला वेगळंच कसब लागतं.

आणि हे चिन्ह बिघडलं की टी-शर्टात उरतं काय? कारण त्या टोळीचं निम्मं भांडवल हा टी-शर्टच होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९९६ मध्ये अमेरिकेत कुस्तीच्या दोन कंपन्या सोमवारी रात्री एकाच वेळी टीव्हीवर भिडायच्या: व्हिन्स मॅकमॅहनची डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि टेड टर्नरची डब्ल्यूसीडब्ल्यू. २७ मे रोजी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या 'नायट्रो' या सोमवारच्या कार्यक्रमात सामना चालू असताना स्कॉट हॉल प्रेक्षकांतून उठून, साध्या कपड्यांत रिंगमध्ये शिरला आणि माईक मागितला. लोकांनी त्याला अगदी अलीकडेपर्यंत समोरच्या कंपनीत रेझर रेमन म्हणून पाहिलेलं. दोन आठवड्यांनी तिथलाच केव्हिन नॅश आला. दुसऱ्या कंपनीने हल्ला केलाय, असं लोकांना खरंच वाटायला लागलं. इतकं, की डब्ल्यूडब्ल्यूएफने त्यावरून कोर्टात दावा लावला. आमच्याकडे लाल मातीतली माणसं या प्रकाराला नाटक म्हणतात. नाटकच आहे, पण हा अंक फार बेमालूम बसवला होता.

या दोघांचा तिसरा साथीदार कोण, हे ७ जुलैला डेटोना बीचला कळलं. लाल-पिवळ्या कपड्यांतला, पोरांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या खा म्हणून सांगणारा हल्क होगन मदतीला आल्यासारखा आला आणि आपल्याच बाजूच्या रँडी सॅव्हेजवर लेगड्रॉप (उडी मारून पाय अंगावर टाकायचा डाव) टाकला. त्यानंतर रिंगमध्ये जो कचरा पडला तो यूट्यूबवर जरूर बघा. होगन बोलतोय आणि चहूबाजूंनी पेले, बाटल्या येतायत. न्यू वर्ल्ड ऑर्डर हे नाव त्याच बोलण्यातून आलं.

मग काळे कपडे, स्प्रेचे डबे, हरलेल्याच्या पाठीवर तीन अक्षरं. पैसे भरून घेतलेली जाहिरात असल्यासारख्या, कृष्णधवल, मुद्दाम हलत्या कॅमेऱ्यातल्या फिती. नॅशने छोट्या रे मिस्टेरिओला उचलून सामानाच्या ट्रकच्या पत्र्यावर भाल्यासारखा फेकला, तेव्हा काही लोकांनी म्हणे खरोखर पोलिसांना फोन केले. नायट्रो प्रेक्षकसंख्येत सलग ८३ आठवडे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 'रॉ' या कार्यक्रमाच्या वर राहिली. खलनायकांचे टी-शर्ट घालून लोक स्टेडियमात यायला लागले. माझ्या धंद्याच्या डोळ्यांनी बघितलं तर हे चिन्ह म्हणजे सोनं: एक रंग, एक फ्रेम, काळं कापड मळत नाही, आणि घालणारा कुणाचा चाहता दिसत नाही, टोळीतला दिसतो.

गोची तिथेच झाली. टी-शर्ट कुणालाही मिळायला लागला, प्रेक्षकांनाच असं नाही, पैलवानांनाही. द जायंट आला, डिबियासी आला, सिक्स आला, व्हिन्सेंट आला. ज्याच्यावर लेगड्रॉप टाकून टोळी जन्मली तो सॅव्हेजही आला. कंपनी चालवणारा एरिक बिशॉफ आला, निक पॅट्रिक नावाचा पंच आला, बास्केटबॉलवाला डेनिस रॉडमन आला. डब्ल्यूसीडब्ल्यूचा नायक स्टिंग, त्याची नक्कल करणारा खोटा स्टिंगसुद्धा आला. जपानमध्ये मासाहिरो चोनोने शाखा काढली, आणि ती शाखा तिकडे चांगली चाललीही. इकडे मात्र बंड कुणाविरुद्ध, हेच कळेना.

ही गोष्ट संपायची जागा ठरलेली होती. खरा स्टिंग वर्षभर न लढता, तोंडाला काळं-पांढरं फासून छपराच्या तुळयांवर उभा राहिला. २८ डिसेंबर १९९७ ला स्टारकेड या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मोठ्या कार्यक्रमात त्याने होगनला धुवायचं, टोळी संपवायची. त्या सामन्यात पंच पॅट्रिकने होगनसाठी घाईघाईत तीन मोजून स्टिंगवर अन्याय करायचा होता, पण त्याने नेहमीच्याच वेगाने मोजले. म्हणजे बघणाऱ्याला होगन सरळसरळ जिंकलेला दिसला आणि मग ब्रेट हार्ट हा दुसरा पैलवान येऊन अन्याय झाला म्हणून भांडतोय. दीड वर्ष तापवलेला तवा आणि त्यावर अशी कच्ची भाकरी. माझ्या मते एनडब्ल्यूओ त्या रात्री संपायला हवी होती, आणि ती न संपवल्यामुळेच पुढे कंपनीही हातची गेली.

१९९८ मध्ये फूट पडली. होगनचे काळे-पांढरे, नॅशचे लाल-काळे वुल्फपॅक. स्टिंग, ज्याने यांना गाडायचं, तो लाल टी-शर्ट घालून वुल्फपॅकमध्ये! ४ जानेवारी १९९९ ला नॅशच्या छातीला होगनने एक बोट लावलं, नॅश आडवा पडला, किताब होगनला, आणि दोघांची गळाभेट. त्याच रात्री समोरच्या चॅनेलवर मिक फोली जिंकणार, हे नायट्रोच्या निवेदकाने टोमणा मारत आधीच सांगून टाकलं. लोकांनी रिमोट उचलला. नंतर चंदेरी रंगातही एक आवृत्ती काढली, ब्रेट हार्टला घेऊन. ती फार टिकली नाही. मार्च २००१ मध्ये मॅकमॅहनने डब्ल्यूसीडब्ल्यूच विकत घेतली.

२००२ मध्ये त्याने हीच टोळी स्वतःकडे उभी केली. होगन पहिल्याच रेसलमेनियानंतर (मॅकमॅहनच्या कंपनीचा वर्षातला मोठा कार्यक्रम) बाहेर, हॉल मे महिन्यात नोकरीतून गेला, नॅशच्या मांडीचा स्नायू फाटला, जुलैत कारभार बंद. मी केबलवर एनडब्ल्यूओ पहिल्यांदा पाहिली ती या अवस्थेत. १९९६ चं सगळं नंतर, उलट्या क्रमाने बघितलं. तरी मला टी-शर्ट तोच काळा-पांढरा हवा होता.

युनिटमध्ये तो घालून गेलो तर स्क्वीजी मारणारा पोरगा म्हणाला, "मालक, हे कुठल्या मंडळाचं?" मी म्हटलं, "फुटलेल्या."

याच दुकानात वुल्फपॅकचा लाल-काळाही आहे. तो मागवू नका. फोटो मोठा करून बघितला; लालखाली पांढरा अंडरबेस दिसत नाही, दोन-चार धुण्यांत विटेसारखा होईल. काळ्या-पांढऱ्याला पाचपैकी तीन तारे: कापडाला चार, छपाईला दोन. घेतलाच तर उलटा करून गार पाण्यात धुवा आणि अक्षरांवर इस्त्री फिरवू नका.