इनुलिन की इसबगोल: सकाळच्या गाडीआधी काय घ्यावं?

पोट साफ होत नाही म्हणून प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य, घ्यायचं ठरलं, की गाडी बहुधा दोन नावांवर येऊन थांबते: पाण्यात विरघळणारी इनुलिनची पूड, नाहीतर घरोघरी असणारं इसबगोल. मी दोन्ही घेऊन पाहिलंय, इनुलिन तर चांगले चार महिने. प्रीबायोटिक सोड्याचे कॅनही आणले होते. त्यांच्याबद्दल एवढंच, की मागे फायबर किती ग्रॅम लिहिलंय ते वाचून घ्या. काहींत दोन-तीन ग्रॅमच असतं, आणि तेवढ्याने माझा कोठा तरी हलला नाही.

चवीला इनुलिनला तोड नाही. फिल्टर कॉफीत मिसळतात त्याच चिकोरीच्या मुळांतून ते काढतात. किंचित गोडसर असतं, ताकात घाला नाहीतर चहात, कळतसुद्धा नाही. लहान आतड्यात ते पचत नाही, तसंच मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथल्या जिवाणूंची पंगत बसते. बिफिडोबॅक्टेरिया नावाचे उपयोगी जिवाणू वाढतात, आतड्याच्या अस्तराला लागणारं ब्युटिरेटही या आंबण्यातून मिळतं. गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये ‘प्रीबायोटिक’ हा शब्द आणला तो अशाच पदार्थांसाठी.

पण पंगत म्हटली की गॅस आलाच.

मी सकाळी सहाला इनुलिन घेऊन सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायचो. पोटात गेलेलं मोठ्या आतड्यात पोहोचायला साधारण तीन-चार तास लागतात. हिशेब करा. घाट उतरून कल्याण मागे पडलं, की माझं पोट ढोलासारखं व्हायचं. एसी डबा, खिडक्या बंद, शेजारी रोजचे पासवाले. दादर येईपर्यंत मी श्वास रोखून बसायचो, आणि निव्वळ श्वासच रोखून भागत नव्हतं. मात्रा कमी करून पाहिली. एका लहान चमच्यावर त्रास गेला, पण गुणही गेला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये चिकोरी इनुलिनने शौचाला जास्त वेळा होतं हा दावा मान्य केला, तो रोज १२ ग्रॅमला, म्हणजे चांगले तीन-चार लहान चमचे. जिवाणूंना पाचेक ग्रॅमही पुरत असावेत, काही अभ्यासांत तेवढ्यावर बिफिडोबॅक्टेरिया वाढलेले दिसलेत. माझी अडचण जिवाणूंची नव्हती, सकाळची होती. ज्या मात्रेला पोट साफ व्हायचं, त्याच मात्रेला दादर लांब वाटायचं.

इसबगोलाचं काम अगदी वेगळं. ते फारसं आंबतच नाही, म्हणून काटेकोरपणे त्याला प्रीबायोटिक म्हणावं का, यावर कुणी हरकत घेतली तर मी भांडणार नाही. ते पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ ठेवतं, बस्स. रात्री जेवणानंतर पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे घेतो, वर आणखी एक पेला पाणी. चार-पाच दिवसांत सकाळची वेळ लागली. बुळबुळीत लागतं हे खरं. ढवळल्या ढवळल्या प्यावं लागतं, मध्येच फोन आला की पेल्यात खळ तयार. पाणी कमी पडलं तर उलट कोठा आणखी धरतो, आणि कोरडं तर कधीच तोंडात टाकू नका, घशात अडकतं. रोजच्या गोळ्या असतील तर त्यांच्यात आणि यात दोनेक तास जाऊ द्या.

तुमचं पोट माझ्यासारखं असेलच असं नाही. कांदा-लसूण भरपूर खाऊनही ज्यांना काही होत नाही, त्यांना इनुलिन कदाचित छान मानवेल, कारण कांदा-लसणातले आणि इनुलिनमधले फ्रुक्टन, म्हणजे न पचणाऱ्या साखरेच्या साखळ्या, एकाच घराण्यातले. इनुलिन आणि इसबगोल एकत्र घेण्यातही तथ्य आहे. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी आतड्याच्या तक्रारी असलेल्यांना इनुलिनबरोबर इसबगोल दिलं, तेव्हा गॅस कमी झाल्याचं एमआरआयमध्ये दिसलं.

माझा इनुलिनचा डबा अजून संपलेला नाही. रविवारी एक चमचा ताकात घालतो. त्या दिवशी गाडी नसते.