यूकेचा स्पाउस व्हिसा रिजेक्ट झाला: अपील करायचं की परत अप्लाय?

पहिलं म्हणजे रिफ्युजल लेटर शेवटपर्यंत वाचा. अपीलचा हक्क आहे की नाही ते त्यातच लिहिलेलं असतं, आणि स्पाउस व्हिसाला तो बहुतेक वेळा असतो कारण ही केस ह्युमन राइट्सची धरतात. पुण्या-मुंबईत बसलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (अशी अपिलं ऐकणारं यूकेचं न्यायाधिकरण) ऑनलाइन अपील टाकायला 28 दिवस मिळतात.

नुसती फी बघितली तर अपील स्वस्त वाटतं. कागदांवर निकाल हवा तर 80 पौंड, हिअरिंग हवं तर 140, आणि परत अप्लाय करायचं तर फीच जवळपास 2,000, वर हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची रक्कम) वर्षाला 1,035 (नकार आला तर सरचार्ज परत मिळतो, फी गेली ती गेलीच). पण अपीलला वकील धरला की हिशोब फिरतो, शिवाय निकालाला कित्येक महिने लागतात, कधी वर्षसुद्धा, आणि नुकतं लग्न झालेल्यांना वर्ष म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

माझ्या मते सगळं एका गोष्टीवर ठरतं, नकार कागद कमी पडले म्हणून आलाय की तुमच्यावर विश्वासच बसला नाही म्हणून. समजा स्पॉन्सरचा, म्हणजे यूकेतल्या जोडीदाराचा, पगार वर्षाला 29,000 पौंडांच्या किमान अटीच्या वर आहे पण सहातली एक पेस्लिप जोडायची राहिली, किंवा शेवटचं बँक स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी 28 दिवसांपेक्षा जुनं निघालं. अशासाठी ट्रायब्युनलच्या रांगेत कशाला थांबायचं, फाइल नीट लावा आणि परत टाका. पगारच कमी असेल तर मात्र परत अप्लाय म्हणजे पैसे पाण्यात, तिथे अपीललाच थोडा वाव आहे, तोही यूकेत मूल वगैरे अशी ठोस परिस्थिती असेल तर.

आणि 'नातं खरं वाटत नाही' असं लिहिलं असेल तर अपीलच करा, कारण तो शेरा रेकॉर्डला राहतो आणि पुढच्या फाइलमागे लागतो. यात 60 पौंड वाचवायला कागदांवरचा पर्याय घेऊ नका प्लीज! जजसमोर साक्ष द्यायला स्पॉन्सर असतो, आणि साखरपुडा कुठे झाला, लग्नानंतर किती वेळा भेटलात, रोजचं बोलणं कसं होतं हे त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि व्हॉट्सॲपचे चारशे स्क्रीनशॉट चाळणं वेगळं. बरं, हिअरिंगच्या आधी होम ऑफिसला (व्हिसा नाकारणारं यूकेचं गृहखातं) तुमचे पुरावे परत बघावे लागतात, केस भक्कम दिसली तर ते तिथेच नकार मागे घेऊ शकतात. हरलात तर अप्पर ट्रायब्युनल आहे, पण तिथे निकालात कायद्याची चूक दाखवावीच लागते, आणि तुम्ही जिंकलात तर होम ऑफिसही तिथे जाऊ शकतं हे लोक विसरतात.

स्टुडंट किंवा स्किल्ड वर्कर असाल तर हे अपील नाहीच, 80 पौंड भरून 28 दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू (होम ऑफिसनेच निर्णय पुन्हा तपासणं) मागायचा. त्यात साधारणपणे नवीन कागद चालत नाहीत, ऑफिसरने आहे त्याच फाइलमध्ये चूक केली असेल तरच उपयोग.

आईबाबांच्या व्हिजिटर व्हिसाला तर 2013 पासून अपील नाही. परत अप्लाय करा, बास. ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णयाला कोर्टात आव्हान) आहे पण तो इतका महाग की साध्या नकारासाठी कोणी जाऊ नये. अपवाद एकच, खोटी कागदपत्रं दिल्याचा ठपका. त्याने 10 वर्षांची बंदी लागू शकते, तेव्हा ठपका चुकीचा असेल तर लगेच वकील गाठा, ज्युडिशियल रिव्ह्यूला जास्तीत जास्त तीन महिने असतात हातात.