राजारामपुरीत लिनक्स लॅपटॉपचा आवाज परत मिळाला

माझ्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवल्यापासून स्पीकर पूर्णपणे मुके होते आणि ध्वनीच्या सेटिंगमध्ये केवळ ‘डमी आउटपुट’, म्हणजे खरे ध्वनी उपकरण सापडले नाही, असे दिसत होते. मी ऑनलाइन गायनाचे वर्ग घेत असल्यामुळे स्पीकर आणि माइक ही दोन्ही माझी रोजची गरज आहे. शहरातील एका दुकानाने यंत्र उघडूनही न पाहता मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगितले, तेव्हा मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका लहान दुरुस्ती केंद्रात गेलो.

तेथील तंत्रज्ञांनी स्क्रूला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून उबुंटू ही दुसरी लिनक्स प्रणाली सुरू करून गाणे वाजवले. आवाज स्वच्छ आला, म्हणजे स्पीकर शाबूत होते आणि दोष माझ्या प्रणालीत होता. मग त्यांनी कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी उघडून इंटेलच्या ध्वनिप्रक्रियेसाठी लागणारी ‘साउंड ओपन फर्मवेअर’ची (फर्मवेअर म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) फाइल सापडत नसल्याची ओळ मला दाखवली. डेबियनने बाराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, अशा फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग केला आहे आणि सॉफ्टवेअर कोठून घ्यायचे हे ठरवणाऱ्या माझ्या सोर्सेस यादीत नेमका तोच नव्हता.

जुना ड्रायव्हर सक्तीने चालू करण्याचा झटपट उपाय मी स्वतःच सुचवला होता. परंतु त्याने स्पीकर वाजले तरी लॅपटॉपमधला डिजिटल माइक बंद पडतो, हे समजावून त्यांनी तो नाकारला. या एका नकारासाठी मी त्यांचा ऋणी आहे, कारण अन्यथा पहिल्याच वर्गात विद्यार्थ्यांना माझा स्वर ऐकू गेला नसता. त्यांनी तो विभाग यादीत जोडून फर्मवेअरचे पॅकेज बसवले आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. तरीही स्पीकर गप्पच राहिले, तेव्हा आल्सामिक्सर या आवाज नियंत्रित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एफ६ दाबून योग्य साउंड कार्ड निवडले. स्पीकरच्या पट्टीखाली ‘एमएम’, म्हणजे आवाज बंद असल्याची खूण, दिसत होते, ते एम ही कळ दाबताच निघाले आणि तानपुरा वाजू लागला. निघण्यापूर्वी त्यांनी माझ्याकडून माइकवर चार ओळी गाऊन घेतल्या.

शुल्क चारशे रुपये झाले. पावतीवर मात्र ‘सॉफ्टवेअर काम’ एवढेच लिहिले आहे. दिलेल्या आज्ञा तिच्यावर नोंदवल्या असत्या, तर पुढच्या वेळी मला उपयोग झाला असता. संध्याकाळी तेथे गाडी लावणे अवघड जाते, म्हणून सकाळी जावे.