अंड्याविना सहा महिने: पावडर बरी, झिप भिकार

परवा केक मधोमध बसला, म्हणून मीही हे लिहायला बसले.

वनस्पतीजन्य 'एग रिप्लेसर' पावडर फेब्रुवारीत घेतली. 200 ग्रॅम, 340 रुपये. सासूबाईंना स्वयंपाकघरात अंड्याचं टरफलही चालत नाही, त्यामुळे घासाघीस करायला वाव नव्हता. दीड चमचा पावडर, दोन मोठे चमचे पाणी, की झालं एक अंडं. साधारण साडेआठ रुपयांना पडतं. खरं अंडं याहून स्वस्त, पण असो. मेपर्यंत कपकेक, केळ्याचा केक सगळं झकास झालं. शेजारणीलाही मीच 'पावडरीला तोड नाही' म्हणत घ्यायला लावली. हल्ली ती जरा तुटक बोलते.

मग चिपळूणचा पाऊस लागला आणि पाकिटाच्या झिपनं रंग दाखवले. डावीकडचा बोटभर भाग पहिल्या दिवसापासून लागतच नव्हता. रबरबँड लावला, कपड्यांचा चिमटा लावला. तरी जुलैत आत गुठळ्या. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा झिपचं काय? अहो, या पावडरीत बटाट्याचं आणि टॅपिओकाचं (साबुदाणा ज्यापासून करतात त्या कंदाचं) स्टार्च असतं, सोबत सोडा आणि एक आम्ल. दमट हवा शिरली की त्या दोघांचं भांडण पाकिटातच मिटतं, ओव्हनमध्ये फुगायला काही उरत नाही. चमचाभर गरम पाण्यात टाकून पाहिली. मार्चमध्ये फसफसायची, आता नुसती खळ.

कस्टमर केअरला फोन केला. "मॅडम, थंड आणि कोरड्या जागी ठेवा असं लिहिलंय." म्हटलं, पावसाळ्यात चिपळुणात कोरडी जागा दाखवा, बिऱ्हाड तिथेच हलवते. झिपचे चार फोटो मागवले, पाठवले. उत्तर आलं: मुदत संपलेली नाही, बदलून मिळणार नाही.

रागाच्या भरात चटणीसाठी आणलेलं जवस काढलं. एक मोठा चमचा पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं. तार सुटावी असा चिकट गोळा झाला. खर्च जेमतेम रुपया! ब्राउनी तर पावडरीच्या ब्राउनीपेक्षा ओलसर झाली, तेव्हा 'पावडरीला तोड नाही' हे माझं मेमधलं मत मी मागे घेते. व्हॅनिला केकमध्ये मात्र ठिपके दिसतात, "आई, यात जिरं का?" असं लेकानं विचारलं. शिवाय जवस बांधतं, फुगवत नाही. बेकिंग पावडर आपली आपण घालायची.

छोल्यांचं पाणीही आटवून फेटलं. दहा मिनिटांत पांढराशुभ्र फेस! (छोले शिजवताना सोडा घालू नका, साबणासारखी चव येते.) मेरिंग (साखर घालून भाजलेल्या फेसाच्या कुरकुरीत वड्या) झाली छान, पण तासाभरात बोटांना चिकटायला लागली. परत तीच हवा.

चार अंड्यांच्या स्पंज केकला यातलं काहीच चालत नाही. दोनदा हात पोळून घेतलेत.

उरलेली पावडर आता रबर असलेल्या काचेच्या बरणीत आहे, बेसनाच्या धिरड्यात संपवेन. कुणी नवं पाकीट घेतलं असेल तर झिप बदलली का, तेवढं कळवा.