तलंगा म्हणून विकलेल्या म्हाताऱ्या कोंबड्या

पेडणे तालुक्यातील आमच्या परसात मी गेली नऊ वर्षे कोंबड्या पाळते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात थोडी जास्त अंडी नेता यावीत म्हणून गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी मी एका फिरत्या विक्रेत्याकडून ३० तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घेतल्या. 'वनराज जातीच्या, पाच महिन्यांच्या, सर्व लसी दिलेल्या, पंधरा दिवसांत अंड्यावर येतील' असे त्याने फोनवर सांगितले होते. वनराज म्हणजे परसात पाळण्यासाठीची, रंगीबेरंगी पिसांची सुधारित जात. प्रत्येकी ४५० रुपयांप्रमाणे १३,५०० रुपये मी मोजले.

टेम्पो आला तो अंधार पडल्यावर, आणि पुढे आणखी तीन गावांत जायचे आहे अशी घाई त्याने लावली. अंधारात कोंबडी निपचित बसते आणि तिचा कोणताही दोष नजरेस येत नाही, हे मला ठाऊक असूनही मी एकही पक्षी हातात न घेता पैसे दिले.

सकाळी खुराडे उघडले तेव्हा माझ्या अकरा गावठी कोंबड्या नेहमीप्रमाणे बाहेर धावल्या; नवीन तीसही मात्र उंबऱ्याशीच थबकल्या, कारण मातीवर पाय ठेवण्याची त्यांना सवयच नव्हती. नखे वाढून वाकलेली, चोचींची टोके छाटलेली, पाय पांढुरके, आणि रंग सगळ्यांचा एकच तांबूस. शेजारच्या काकींनी एक कोंबडी उचलून काखेत धरली, शेपटीखालची दोन हाडे चाचपली आणि म्हणाल्या, "अगो, तलंगेच्या हाडांमध्ये जेमतेम एक बोट मावते. इथे माझी तीन बोटे जातात. हिची अंडी घालून झाली आहेत."

पिंजऱ्यातील अंड्यांच्या कोंबड्या साधारण ७२ ते ८० आठवड्यांच्या झाल्या आणि अंडी घटली की मांसासाठी स्वस्तात काढून टाकतात. त्याच माझ्या गळ्यात मारल्या होत्या. अंडी घालता घालता पायांचा आणि चोचीचा पिवळेपणा उतरत जातो; खरी तलंग असती तर तिचे पाय हळदीसारखे दिसले असते. एकमेकींना टोचू नये म्हणून पिंजऱ्यात चोच छाटतात, पण तशा चोचीने परसातले दाणे आणि किडे नीट टिपता येत नाहीत. शिवाय परसातली वनराज सहसा सहा महिन्यांच्या सुमारास अंडी घालू लागते, त्यामुळे पंधरा दिवसांचा वायदा ऐकतानाच मला शंका यायला हवी होती.

याहून मोठी चूक माझीच होती. नवीन पक्षी तीन आठवडे वेगळे ठेवायचे असतात, ते मी ठेवले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्या गावठी कोंबड्यांची तोंडे सुजली, डोळे मिटले आणि नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला. पशुवैद्यांनी कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी, असल्याचे सांगितले. आजारातून उठलेली कोंबडी वरून धडधाकट दिसली तरी तो रोग बाळगून असते. औषधोपचार करूनही माझ्या तीन दगावल्या.

महिनाभरात त्या तिसांनी नऊ अंडी दिली, आणि खाद्य रोज साडेतीन किलो लागत होते. दया म्हणून त्यांना पोसणे मला परवडणारे नव्हते आणि तसे करणे योग्यही वाटले नाही, म्हणून औषधाचा अंश मांसात राहू नये यासाठी थांबायचा कालावधी संपल्यावर त्या मांसासाठी काढल्या. विक्रेता आधी 'जागा बदलली की अंडी थांबतात' असे म्हणाला, नंतर त्याने फोन घेणे बंद केले. पावती नव्हती, मोबाइलवरून पाठवलेले पैसेही भलत्याच नावाच्या खात्यात गेले होते.

आता मी दिवसाउजेडीच माल उतरवून घेते, प्रत्येक कोंबडी उलटून पाय, चोच आणि हाडे तपासते, आणि विक्रेत्याला घाई असेल तर टेम्पो परत पाठवते.